कोरियन बातमी कोणत्या बाजूची, हे नावांवरूनच कळतं

3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल टीव्हीवर आले आणि त्यांनी लष्करी कायदा जाहीर केला. त्या भाषणातलं कळीचं वाक्य मराठीत साधारण असं होईल: उत्तर कोरियाच्या कम्युनिस्ट शक्तींच्या धोक्यापासून स्वतंत्र कोरियाचं रक्षण करण्यासाठी, आणि आपल्या जनतेचं स्वातंत्र्य व सुख लुटणाऱ्या निर्लज्ज, उत्तरधार्जिण्या, राष्ट्रविरोधी शक्तींचा एका फटक्यात नायनाट करून स्वातंत्र्याची घटनात्मक व्यवस्था राखण्यासाठी मी लष्करी कायदा जाहीर करतो.

त्या रात्री उत्तरेकडून हल्ला झालेला नव्हता. भांडण होतं संसदेत बहुमत असलेल्या विरोधी पक्षाशी. विरोधकांनी अर्थसंकल्पाला कात्री लावली होती, अधिकाऱ्यांवर महाभियोग आणले होते. मग यात उत्तर कोरिया आला कुठून? तो शब्दांतून आला. ‘जोंगबुक’ म्हणजे उत्तरेच्या मागे जाणारा, उत्तरधार्जिणा. ‘जायु’ म्हणजे स्वातंत्र्य. कोरियात राजकीय बातम्या वाचणाऱ्या कोणालाही हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की बोलणारा कोणत्या गोटातला आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे समजून घ्यायचं तर आधी तिथल्या डाव्या-उजव्याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. कर, कल्याणकारी योजना, उद्योगपती हे वाद तिथेही आहेतच. पण मुख्य रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली गेली आहे: उत्तर कोरिया हा शत्रू की दुरावलेला भाऊ, आणि अमेरिकेशी किती जवळीक ठेवायची. देशाची फाळणी, 1950 ते 1953 चं युद्ध आणि 1948 पासून आजतागायत अमलात असलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा या सगळ्यामुळे तिथे चुकीचा शब्द वापरल्याची किंमत नुसती टीका नव्हती, तुरुंगवासही होता. म्हणून कोरियन माणूस राजकीय शब्द आपल्यापेक्षा जास्त तोलून वापरतो आणि समोरच्याचा शब्दही तितक्याच बारकाईने ऐकतो.

वर्तमानपत्रांचे दोन गोट

चोसुन इल्बो, जुंगआंग इल्बो आणि दोंग-आ इल्बो ही तीन मोठी दैनिकं पुराणमतवादी मानली जातात. लोक त्यांची पहिली अक्षरं जोडून एका दमात ‘चो-जुंग-दोंग’ म्हणतात. समोरच्या बाजूला हान्ग्योरे, ग्योंगह्यांग शिनमुन आणि इंटरनेटवरचं ओमायन्यूज: ‘हान-ग्योंग-ओ’. ही दोन टोपणनावं बहुतेकदा विरोधी गोटातला माणूसच वापरतो आणि ती कौतुकाने घेतली जात नाहीत.

चोसुन आणि दोंग-आ दोन्ही 1920 सालची, जपानी राजवटीतली. हान्ग्योरेचा जन्म मात्र सरळ संघर्षातून झाला. 1975 मध्ये, पार्क चुंग-हीच्या हुकूमशाहीत, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्या पत्रकारांना दोंग-आ आणि चोसुनमधून काढून टाकण्यात आलं. लोकशाही आल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी सामान्य नागरिकांकडून वर्गणी गोळा करून मे 1988 मध्ये नवं दैनिक काढलं. पहिल्या अंकापासून ते पूर्णपणे कोरियाच्या स्वतःच्या हान्गुल लिपीत आणि आडव्या ओळींत छापलं गेलं. त्या काळी बाकीची मोठी दैनिकं उभ्या ओळींत, मध्ये मध्ये चिनी अक्षरं पेरून छापली जात. चोसुन पूर्णपणे आडवं व्हायला 1999 साल उजाडलं. म्हणजे हान्ग्योरेतली एकही बातमी न वाचता, नुसतं पान पाहूनच कळायचं की हा अंक कमी शिकलेल्या माणसालाही वाचता यावा म्हणून काढलेला आहे. आजही चोसुनसारख्या दैनिकांच्या मथळ्यांत सत्ताधारी, विरोधक, अमेरिका, उत्तर कोरिया यांच्यासाठी एकेक चिनी अक्षर दिसतं. हान्ग्योरे ते टाळतं. हान्ग्योरे या नावाचा अर्थ ‘एकच लोक’ असा आहे. त्यात दोन्ही कोरिया आले.

आधी कोण, मग कोण

सगळ्यात बोलका पुरावा मला क्रमाचा वाटतो. 2018 मध्ये सिंगापूरला आणि 2019 मध्ये हनोईला डोनाल्ड ट्रम्प आणि किम जोंग-उन भेटले. हान्ग्योरेने या भेटीला ‘बुक-मी’ शिखर परिषद म्हटलं. बुक म्हणजे उत्तर, मी म्हणजे अमेरिका. चोसुन इल्बोने त्याच भेटीला ‘मी-बुक’ म्हटलं.

कोरियनमध्ये देशांची नावं जोडताना जो जवळचा तो आधी येतो. स्वतःचा देश नेहमीच पहिला: कोरिया-अमेरिका, कोरिया-जपान. पण स्वतःचा देश भेटीत नसेल तर? उत्तर कोरिया रक्ताचा आहे असं मानणारा त्याला आधी लिहितो. अमेरिका दोस्त आणि उत्तर शत्रू असं मानणारा अमेरिकेला आधी लिहितो. अग्रलेख लिहिण्याची गरजच उरत नाही, दोन अक्षरांत भूमिका छापून येते आणि रोज सकाळी लाखो डोळ्यांखालून जाते. युन यांच्या सरकारने 2023 मध्ये अधिकृत बोलण्यातही ‘मी-बुक’ आणलं. ‘कोरिया-चीन-जपान’ हा रुळलेला क्रमही बदलून ‘कोरिया-जपान-चीन’ केला. परराष्ट्र धोरण कुठे वळतंय हे त्या उलटापालटीतून राजदूतांनी ताबडतोब ओळखलं असणार.

दोन्ही कोरियांतही हाच प्रकार. दक्षिणेत ‘नाम-बुक’, दक्षिण-उत्तर. उत्तरेत ‘बुक-नाम’.

नाव कसं घ्यायचं

हा भाग मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्या वर्तमानपत्रात मंत्री ‘म्हणाले’ आणि पकडलेला चोर ‘म्हणाला’. माणसाविषयीचं मत क्रियापदालाच चिकटून येतं. कोरियन बातमी मात्र सगळ्यांसाठी एकाच साध्या क्रियापदाने संपते, त्यामुळे आदराचा सगळा भार नावापुढच्या पदावर येतो. किम जोंग-उन यांचा उल्लेख ‘किम जोंग-उन अध्यक्ष’ असा पदासकट आला तर सूर वेगळा. मथळ्यात नुसतं ‘किम जोंग-उन’ आलं तर वेगळा. पुराणमतवादी दैनिकांत दुसरी पद्धत फार दिसते. आपण बातमीत ‘किम जोंग-उनने क्षेपणास्त्र सोडलं’ आणि ‘अध्यक्ष किम यांनी क्षेपणास्त्र चाचणी केली’ असं लिहून पाहिलं तर अंतर लक्षात येईल. (ही दोन्ही वाक्यं मी समजावण्यापुरती रचली आहेत.)

पदाचा हा भार इतका की हान्ग्योरेला आपल्याच वाचकांपुढे नमतं घ्यावं लागलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला ‘योसा’ हे खास आदराचं पद न लावता, कोणाही प्रौढ माणसाला लावतात ते ‘श्शी’ लावायचं, हे या दैनिकाचं समतेचं जुनं धोरण. 2017 मध्ये मुन जे-इन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या पत्नीच्या बाबतीतही तेच केलं, तेव्हा मुन यांचे समर्थक, म्हणजे हान्ग्योरेचे नेहमीचे वाचक, खवळले. ऑगस्ट 2017 मध्ये दैनिकाने धोरण बदलून ‘योसा’ स्वीकारलं. मला ही माघार खटकते. समतेचं तत्त्व स्वतःच्या लाडक्या माणसाला लागू करायची वेळ आली तेव्हाच ते मोडलं.

तारखा, आणि तारखेपुढचा शब्द

आधुनिक कोरियाचा इतिहास आकड्यांत बोलला जातो: 4·19, 5·16, 5·18, 12·3. आधी महिना, मग दिवस. तारीख सगळ्यांना मान्य असते. भांडण असतं तारखेपुढे कोणता शब्द लावायचा यावर.

16 मे 1961 ला पार्क चुंग-ही यांनी लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली. त्यांच्या राजवटीत ती ‘क्रांती’ होती. 1960 च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून सिंगमन ऱ्ही यांचं सरकार पाडलं होतं. त्याला मात्र ‘सत्कार्यासाठीचा उठाव’ एवढ्यावरच समाधान मानावं लागलं. 1990 च्या दशकात नागरी सरकार आल्यावर अदलाबदल झाली: एप्रिलची घटना क्रांती, मेची घटना लष्करी बंड. पुढे 2012 च्या निवडणूक प्रचारात पार्क यांच्या कन्या पार्क ग्युन-हे यांनी वडिलांच्या त्या कृतीला ‘टाळता न येणारी, सर्वोत्तम निवड’ म्हटलं. गदारोळ उठला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मागावी लागली. निवडणूक त्या जिंकल्या, तरी त्या शब्दांनी त्यांचा पाठलाग सोडला नाही.

ग्वांगजूचं प्रकरण याहून दुखरं. मे 1980 मध्ये या शहरात लष्कराने लोकशाहीची मागणी करणाऱ्या नागरिकांवर गोळ्या झाडल्या. सत्ताधाऱ्यांनी त्याला ‘पोकदोंग’, म्हणजे दंगल म्हटलं, आणि नंतर वर्षानुवर्षं ‘ग्वांगजू साते’ असा शब्द चालवला. साते म्हणजे बिघडलेली परिस्थिती. यात कोणी मारलं आणि कोण मेलं हे दोन्ही गायब. 1988 मध्ये सरकारी पातळीवर ‘लोकशाही चळवळ’ हे नाव आलं, 1995 च्या विशेष कायद्याने ते पक्कं झालं. तरीही फेब्रुवारी 2019 मध्ये तेव्हाच्या पुराणमतवादी पक्षाच्या खासदारांच्या पुढाकाराने संसदेच्या इमारतीत भरलेल्या सभेत ‘पोकदोंग’ पुन्हा ऐकू आला. ज्यांच्या घरातलं माणूस गोळीने गेलं त्यांना दंगलखोराचे नातेवाईक ठरवणारा हा शब्द आहे. त्याला ‘दुसरी बाजू’ म्हणून मोजायला मी तयार नाही.

आणि जेजू. 3 एप्रिल 1948 पासून या बेटावर जे घडलं त्यात पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, बहुसंख्य सरकारी दलांच्या हातून. अनेक दशकं त्याबद्दल उघड बोलणंही धोक्याचं होतं. कम्युनिस्टांची दंगल, लोकांचा लढा, कत्तल: प्रत्येक गटाचं नाव वेगळं. 2000 सालच्या कायद्याने ‘घटना’ हा सगळ्यात फिका शब्द घेतला, कारण त्यावरच सहमती होऊ शकली. जेजूच्या 4·3 शांतता उद्यानातल्या संग्रहालयात एक पांढरी शिळा आडवी ठेवलेली आहे. तिच्यावर एक अक्षरही कोरलेलं नाही. कधीतरी या घटनेला योग्य नाव मिळेल, तेव्हा ते कोरून शिळा उभी करायची असा तिचा अर्थ तिथेच सांगितलेला आहे.

ताज्या दुर्घटनाही यातून सुटत नाहीत. 29 ऑक्टोबर 2022 ला सोलच्या इतेवॉन भागात चेंगराचेंगरीत 159 जणांचा जीव गेला. सरकारने स्थानिक संस्थांना कळवलं की श्रद्धांजलीच्या ठिकाणी ‘महादुर्घटना’ आणि ‘बळी’ न लिहिता ‘अपघात’ आणि ‘मृत’ असं लिहा. कारण उघड आहे: बळी म्हटलं की कोणामुळे बळी, हा प्रश्न येतो. पुढच्या वर्षी जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातलं पाणी समुद्रात सोडण्यावरून हाच खेळ झाला. वर्षानुवर्षं सगळे ‘दूषित पाणी’ म्हणत होते. सत्ताधारी बाजूने ‘प्रक्रिया केलेलं पाणी’, ‘दूषित प्रक्रियायुक्त पाणी’ असे शब्द पुढे केले, तर तेव्हा विरोधात असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते ली जे-म्युंग यांनी थेट ‘अणु-सांडपाणी’ म्हटलं.

उत्तरेने पळवलेले शब्द

या विषयातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग हा. काही साधे, घरातले शब्द केवळ उत्तर कोरियाने उचलले म्हणून दक्षिणेत वापरातून गेले. ‘दोंगमू’ म्हणजे सवंगडी, लहान मुलांच्या तोंडचा शब्द. उत्तरेत तो ‘कॉम्रेड’ या अर्थाने रुळला आणि दक्षिणेत लोकांनी तो टाकून दिला. ‘इनमिन’ म्हणजे लोक. 1948 च्या राज्यघटनेचा मसुदा लिहिणारे कायदेपंडित यू जिन-ओ यांनी हाच शब्द घातला होता. कम्युनिस्टांचा शब्द म्हणून तो काढून ‘गुंगमिन’, म्हणजे राष्ट्राचे नागरिक, असं केलं गेलं. एक चांगला शब्द कम्युनिस्टांच्या हाती गेला, अशी खंत यू यांनी नंतर लिहून ठेवली. इनमिनमध्ये माणूस आधी येतो, गुंगमिनमध्ये राष्ट्र. आज दोन्ही बाजूंची पक्षपत्रकं गुंगमिनच्याच नावाने बोलतात, आणि युन यांच्या तेव्हाच्या पक्षाच्या नावातही तो आहे: ‘गुंगमिनची शक्ती’.

कामगारांचंही तेच. ‘नोदोंगजा’ म्हणजे श्रम करणारा, कामगार. ‘गुल्लोजा’ म्हणजे मन लावून, मेहनतीने काम करणारा. शब्दातच शिस्तीची शाबासकी आहे. उत्तरेतला सत्ताधारी पक्ष ‘रोदोंग’ पक्ष, त्याचं दैनिक ‘रोदोंग शिनमुन’, म्हणून दक्षिणेतल्या सरकारांना गुल्लोजा सोयीचा वाटला. 1963 च्या कायद्याने कामगार दिनाला गुल्लोजा दिन केलं आणि 10 मार्च ही तारीख दिली; 1 मे ही तारीख 1994 मध्ये मिळाली, नाव मात्र 2025 मध्ये कायदा बदलेपर्यंत तेच राहिलं. राज्यघटनेत तर अजूनही गुल्लोजाच आहे. मुन यांनी 2018 मध्ये मांडलेल्या घटनादुरुस्तीत तिथे नोदोंग आणायचा प्रस्ताव होता. ती दुरुस्तीच बारगळली. आजही उद्योगजगताची बाजू घेणाऱ्या दैनिकात गुल्लोजा आणि संघटनेच्या पत्रकात नोदोंगजा, हा नियम सहसा चुकत नाही.

‘जायु’चा प्रवास उलट दिशेचा. लोकशाही म्हणजे ‘मिन्जुजुई’. तिच्याआधी ‘जायु’ जोडला की ‘स्वतंत्र लोकशाही’ होते, ऐकायला निव्वळ चांगली. पण ‘स्वतंत्र लोकशाही मूलव्यवस्था’ हे शब्द घटनेच्या सरनाम्यात आले 1972 मध्ये, पार्क यांच्या हुकूमशाही घटनेतून, आणि ते कम्युनिझमविरोधाच्या अर्थाने वापरले गेले. म्हणून इतिहासाच्या अभ्यासक्रमात एक सरकार ‘जायु’ घालतं, दुसरं काढतं: 2011 मध्ये आला, 2018 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. युन यांनी मे 2022 च्या शपथविधीच्या भाषणात ‘जायु’ 35 वेळा उच्चारला, याची दैनिकांनी मोजदाद केली.

पक्षांची पत्रकं

कोरियन पक्षांचे प्रवक्ते जवळपास रोज ‘नोनप्योंग’, म्हणजे छोटं टिपण काढतात. त्यांची खरी कारागिरी नामकरणात. एकाच कायद्याची दोन नावं बाजारात येतात आणि जे टिकतं त्याची बाजू वरचढ होते. संपाबद्दल कामगारांवर ठोकल्या जाणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांना आळा घालणारा कायदा ‘पिवळ्या पाकिटाचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. सँगयोंग मोटर्सच्या कामगारांवर 4.7 अब्ज वॉनची भरपाई लादली गेली, तेव्हा एका नागरिकाने पिवळ्या पाकिटात 47,000 वॉन घालून पाठवले. त्यातून मदतीची मोहीम उभी राहिली. पुराणमतवादी पक्षाने या कायद्याला ‘बेकायदा संपाला चिथावणी देणारा कायदा’ म्हटलं. पण पाकिटाची गोष्ट लोकांच्या मनात बसली होती, आणि विरोधकांनाही बोलताना तेच नाव घ्यावं लागलं. उलट, घरांवरच्या कराच्या वादात ‘कर-बॉम्ब’ हा पुराणमतवाद्यांचा शब्द चालला आणि डाव्यांचं स्पष्टीकरण मागे पडलं.

शब्द हातही बदलतात. ‘जोक्प्ये’, साचत आलेली घाण, हा शब्द 2014 मध्ये सेवोल जहाज बुडाल्यावर पार्क ग्युन-हे यांनी व्यवस्थेतल्या जुन्या भ्रष्टाचारासाठी वापरला. 2017 मध्ये मुन यांनी तोच उचलला आणि पार्क यांच्या राजवटीवर उलटवला.

शिव्यांमध्ये दोन्ही गोट तोलामोलाचे आहेत. एका बाजूला ‘प्पालगेंगी’, म्हणजे लाल्या. मुन यांनी 1 मार्च 2019 च्या भाषणात हा जपानी राजवटीचा उरलेला विषारी अवशेष असल्याचं सांगितलं. दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षी गाजलेला ‘तोचाक वेगू’, म्हणजे स्थानिक जपानी चाचे.

उत्तरेची पत्रकं वेगळ्याच पट्टीत असतात. तिथे अनेक दशकं दक्षिण कोरिया म्हणजे ‘नाम जोसॉन’, आपल्याच जोसॉनचा दक्षिण भाग. तिथलं सरकार म्हणजे ‘ग्वेरवे’, कळसूत्री बाहुलं. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत महिला फुटबॉलमध्ये उत्तरेने दक्षिणेला 4-1 ने हरवलं, तेव्हा उत्तरेच्या टीव्हीवर धावफलक होता ‘जोसॉन’ विरुद्ध ‘ग्वेरवे’. (चोसुन इल्बोतला चोसुनही हाच शब्द, दैनिक फाळणीच्या आधीचं आहे.) त्याच वर्षी जुलैमध्ये किम जोंग-उन यांच्या भगिनी किम यो-जोंग यांनी निवेदनात पहिल्यांदा दक्षिणेचं अधिकृत नाव ‘देहान मिन्गुक’ अवतरणात वापरलं. वर्षाअखेरीस किम जोंग-उन यांनी दोन कोरिया ही दोन शत्रुराष्ट्रं असल्याचं जाहीर केलं. धोरण जाहीर व्हायच्या पाच महिने आधी ते शब्दात दिसलं होतं.

कर्ता हरवलेली वाक्यं

नावांइतकीच लक्ष ठेवण्यासारखी एक वाक्यरचना आहे. ‘अशी टीका पुढे येत आहे’, ‘असं कळलं आहे’, ‘असं दिसतं’: कोरियन राजकीय बातमीचा शेवट फार वेळा अशा वाक्याने होतो. टीका कोण करतंय? बहुतेक वेळा वार्ताहर स्वतः किंवा त्याचं दैनिक. पण वाक्यात कर्ता नसल्यामुळे मत बातमीच्या वेशात येतं. ही सवय दोन्ही गोटांत सारखीच आहे, आणि तिच्यापुढे ‘मी-बुक’ परवडलं, कारण तिथे निदान बाजू उघड असते.

3 डिसेंबरच्या रात्रीनंतर तर एका नावावर सगळं अडलं. युन यांच्या पक्षाच्या पत्रकांत ‘ग्ये-ओम’, म्हणजे लष्करी कायदा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पत्रकांत ‘नेरान’, म्हणजे बंड, आणि युन ‘बंडाचे म्होरके’. दैनिकंही साधारण याच रेषेवर वाटली गेली. पण नेरान ही नुसती जळजळीत शिवी नव्हती. राष्ट्राध्यक्ष पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी खटला भरता येत नाही, असं कोरियाची घटना सांगते, आणि अपवाद दोनच देते: बंड आणि परकीय आक्रमणाला साथ. फौजदारी कायद्यात बंडाच्या म्होरक्याला शिक्षा आहे ती मृत्यूची किंवा जन्मठेपेची. त्यामुळे जो ‘ग्ये-ओम’ लिहीत होता तो एका राजकीय चुकीची बातमी देत होता, आणि ‘नेरान’ लिहिणारा थेट आरोपपत्राची भाषा बोलत होता. एप्रिल 2025 मध्ये घटना न्यायालयाने एकमताने युन यांना पदावरून दूर केलं, त्यानंतरही मथळ्यांतले हे दोन शब्द एक झाले नाहीत.